कारभार कुणाचा, सही कुणाची?

ज्या ऐकता ऐकता शेंगा फोडतायत किंवा गोधडीला टाके घालतायत त्यांनी हात चालूच ठेवावेत. आजचा विषय तुमच्या हातातल्या कामाशीच जोडलेला आहे.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. ती नुकतीच तालुक्याला प्रशिक्षणाला जाऊन आली होती. म्हणाली, "ताई, मागे भलामोठा फलक होता, ‘गुड गव्हर्नन्स’. साहेब दिवसभर तोच शब्द म्हणत होते. जेवण चांगलं होतं, पिशवी मिळाली, पेन मिळालं. पण गव्हर्नन्स म्हणजे काय ते काही कळलं नाही. विचारायची लाज वाटली."

बाई गं, लाज कसली! आम्ही चौघी जणी हा कार्यक्रम करतो. आमच्यापैकी दोघी ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या आहेत, तरी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हीही एकमेकींकडे बघत बसलो होतो. एका साहेबांनी त्याचं मराठी ‘शासन’ सांगितलं, दुसऱ्यांनी ‘प्रशासन’, तिसऱ्यांनी ‘सुशासन’. तीन शब्द ऐकून डोकं आणखीच फिरलं. म्हणून आज या शब्दाची नीट उकल करू. तो कुठून आला, त्याला आपल्याकडे काय म्हणायचं आणि तो ओळखता आला नाही तर काय होतं, तेही सांगू. शेवटची गोष्ट आमच्याच अंगाशी आलेली आहे. ती न लपवता सांगणार आहोत.

आधी घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेता बायका काय म्हणतात? "आमचे कारभारी शेतावर गेलेत." आणि गडी बायकोला म्हणतो, "कारभारणीला विचारून सांगतो." म्हणजे शब्द आपल्या तोंडात आधीपासून आहे. गव्हर्नन्सला आपला शब्द आहे, ‘कारभार’.

घरचा कारभार म्हणजे काय ते बघा. सोयाबीन विकून पैसे आले. आता त्या पैशाचं काय करायचं हे कोण ठरवतं? ठरवताना घरातल्या कुणाकुणाला विचारलं जातं? किती आले, किती गेले, हे कुणाकुणाला माहीत असतं? आणि पैसे चुकीच्या जागी गेले तर जाब कुणाला विचारायचा? या चार प्रश्नांची उत्तरं म्हणजे त्या घरचा कारभार. दोन घरांत पैसा सारखाच येतो, माणसंही तितकीच असतात. तरी एका घरात पोरीची फी वेळेवर भरली जाते आणि दुसऱ्या घरात सावकाराकडे धाव घ्यावी लागते. पैशात फरक नाही, तो पैसा चालवण्याच्या रीतीत आहे. त्या रीतीलाच गव्हर्नन्स म्हणतात.

आता ते तीन शब्द वेगळे करू. ‘सरकार’ म्हणजे सत्तेवर बसलेली माणसं. निवडणूक झाली की ती बदलतात. हा शब्द फारसीतून आलेला आहे. त्यातला ‘कार’ म्हणजे काम. कारकून, कारखाना यांतही तोच ‘कार’ आहे आणि आपला ‘कारभार’सुद्धा त्याच घराण्यातला. ‘शासन’ हा संस्कृत शब्द. त्याचा एक अर्थ आज्ञा. राजाने तांब्याच्या पत्र्यावर लिहून दिलेल्या दानपत्राला ताम्रशासन म्हणत. दुसरा अर्थ शिक्षा. चोराला शासन झालं असं आपण म्हणतो ना, तेच. म्हणजे शासन या शब्दात वरून खाली येणारा हुकूम आहे. ‘प्रशासन’ म्हणजे तो हुकूम अमलात आणणारी यंत्रणा, कलेक्टरसाहेबांपासून तलाठी-ग्रामसेवकांपर्यंत.

गव्हर्नन्स या तिघांपेक्षा वेगळं आहे. सरकार, अधिकारी आणि आपण लोक मिळून सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी कशा चालवतो, ती रीत म्हणजे गव्हर्नन्स. म्हणूनच सरकार नसलेल्या ठिकाणीही गव्हर्नन्स असतं. दूध डेअरीत असतं, देवस्थानाच्या ट्रस्टमध्ये असतं, शाळेच्या व्यवस्थापन समितीत असतं. कंपन्यांत असतं त्याला कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणतात. २००९ साली सत्यम या मोठ्या संगणक कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षं खोटे दाखवले जात होते हे उघड झालं. तेव्हा पेपरात रोज हाच शब्द होता. संचालक मंडळ होतं, हिशेब तपासणारे होते, सह्या होत्या. पण प्रश्न विचारायचे त्यांनी विचारले नव्हते.

आणि हो, ई-गव्हर्नन्स हा शब्दही ऐकला असेल. सातबारा ऑनलाइन निघतो, ‘आपले सरकार’वर दाखला मागता येतो, ते ई-गव्हर्नन्स. त्याने खेटे वाचतात, हे खरं. पण संगणक आला म्हणजे कारभार सुधारला असं समजू नका. वहीतली खोटी नोंद संगणकात टाकली तर ती खोटीच राहते, फक्त टाइप केलेली दिसते.

हा शब्द मूळ कुठला? इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होता नाव हाकणं, सुकाणू धरणं. आमच्या कोकणातल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. नाव दर्यात गेली की तांडेल सुकाणू धरतो. पण तो एकटा नाव चालवत नाही. वारा बघणारा असतो, जाळं ओढणारे असतात, आणि परत आल्यावर मासळीचा वाटा कुणाला किती हेही ठरलेलं असतं. तांडेल म्हणेल की नाव माझी, दिशा माझी, वाटाही मी म्हणेन तो, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या नावेवर कोण चढेल?

शब्द जुना असला तरी आज आपण ऐकतो त्या अर्थाने तो फार जुना नाही. १९८९ साली जागतिक बँकेने आफ्रिकेतल्या देशांबद्दल एक अहवाल काढला. तिथे इतकं कर्ज आणि इतक्या योजना देऊनही लोकांचं जगणं का सुधारत नाही, असा प्रश्न होता. त्या अहवालात म्हटलं की हे गव्हर्नन्सचं संकट आहे. तेव्हापासून हा शब्द जगभर पसरला. त्यावर टीकाही झाली. कर्ज देणाऱ्यांनीच अटी घालायच्या आणि खर्च कापायला लावायचे, मग तिथले लोक गरीब राहिले की दोष फक्त त्यांच्या कारभाराला द्यायचा, हे कितपत बरोबर, असं अनेकांनी विचारलं. ते विचारणंही रास्तच होतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने चांगल्या कारभाराच्या आठ खुणा सांगितल्या: सहभाग, कायद्याचं राज्य, पारदर्शकता, लोकांच्या गरजेला वेळेत प्रतिसाद, सहमती, समन्याय, परिणामकारकता आणि उत्तरदायित्व.

आठ शब्द लक्षात राहणार नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे. घरचे चार प्रश्न लक्षात ठेवा, पुरे. ठरवलं कुणी? विचारलं कुणाला? माहीत कुणाला? जबाब कुणाचा?

आपल्या मराठी मुलखाला कारभाराचा विचार काही नवा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. कारभार कोणत्या शब्दांत चालतो याला महत्त्व आहे, हे तेव्हाही ओळखलं होतं. कागदावरचा शब्द ज्याला कळतो त्याच्या हाती कारभार जातो. आज ‘गव्हर्नन्स’वरून आपली तीच गत झाली आहे. चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं माळव्याचा कारभार महेश्वरहून पाहिला. लोकांची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. बाईला कारभार झेपत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला महेश्वरचा रस्ता दाखवा.

आणि कारभार कुठे बिघडतो हेही आपल्या भाषेने टिपून ठेवलंय. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात कारभाऱ्यांच्या मंडळाने मिळून राज्य सांभाळलं, ते बारभाई. त्यांनी तेव्हा राज्य सावरलं, पण म्हणीत मात्र ‘बारभाई कारभार’ म्हणजे हात भरपूर आणि जबाबदार कुणीच नाही, असा अर्थ राहिला. दुसरी म्हण तर रोजची, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. या म्हणीत आम्हाला एक गोष्ट फार बोचते. दळणारीची मेहनत खोटी नाही, जातं फिरतंय, पीठही पडतंय. फक्त ते कुठे जातंय याकडे कुणाचं लक्ष नाही.

आता आमची गोष्ट.

आमचं गाव मोठं नाही. वरची आळी रस्त्याला लागून आहे, आणि आमची वस्ती ओढ्यापलीकडे. वरच्या आळीत नळ आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात एक हातपंप, तोही मार्चनंतर खडखडतो. पाण्याच्या वेळा सांभाळायला आमच्यातल्या एकीची मुलगी त्या वर्षी कितीदा तरी शाळा बुडवून घरी राहिली. आठवीतली पोर, रांगेत कळशी ठेवून पुस्तक वाचायची.

त्या वर्षी १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन वस्तीवर आला. म्हणाला, "वहिनी, सह्या करा. कालच्या झेंडावंदनाची हजेरी आहे." आम्ही भाकरी थापत होतो. हात पिठाचे होते. एकीने पदराला हात पुसला आणि सही केली. तिचं बघून बाकीच्यांनी केली. दोघी सासवांनी अंगठे दिले. वर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. शिपाई आपल्यातलाच, त्याला चहा दिला आणि तो गेला.

दिवाळीच्या तोंडावर बोअरची गाडी आली. आम्हाला वाटलं, देव पावला. गाडी ओढ्याकडे वळलीच नाही. वरच्या आळीत, जिथे आधीच नळ आहेत तिथे, देवळामागे बोअर मारली. टाकीचा चौथराही तिथेच आखला. आम्ही पाचसहा जणी ग्रामपंचायतीत गेलो. जरा आवाज चढवूनच विचारलं, आमच्या वस्तीला पाणी नाही, हे कुणी ठरवलं?

कर्मचारी शांतपणे उठला, कपाटातून रजिस्टर काढलं आणि आमच्यासमोर ठेवलं. ग्रामसभेचं प्रोसिडिंग. नवीन बोअर आणि टाकी देवळामागे घ्यावी, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली उपस्थितांच्या सह्या. त्यात आमच्या सह्या होत्या. पिठाचा एक डागसुद्धा होता.

"तुम्हीच तर ठरवलंत," तो म्हणाला.

मैत्रिणींनो, त्या दिवशी घरी येताना आमच्यातलं कुणी बोललं नाही. चीड शिपायाची होती, सरपंचांची होती, पण त्याहून जास्त आमची आम्हालाच आली होती. आमच्यातली एक तर तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होती! निवडून आल्यापासून तिचेही कागद घरीच येत, तिचे कारभारी सांगत तिथे ती सही करी. कारभार चालू होता, आमच्याच सहीने चालू होता. आमचं मत मात्र त्यात कुठेच नव्हतं.

हजेरीचा कागद घरोघर का फिरतो, हे आम्हाला नंतर कळलं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसं हजर हवीत. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करावी लागते. ते टाळायला मागाहून सह्या गोळा केल्या जातात. तुमची सही म्हणजे नुसती हजेरी नाही. तुम्ही तिथे होतात, ऐकलंत आणि हरकत घेतली नाहीत, असं ती सही सांगते.

मग आम्ही शिकायला लागलो. जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. गावच्या मतदार यादीत जिचं नाव आहे ती प्रत्येक जण ग्रामसभेची सदस्य आहे. कुणी बोलवायची गरज नाही, ती आपली सभा आहे. पण यादीत नाव आहे का ते आधी बघा. लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांचं नाव अजून माहेरच्याच यादीत असतं. म्हणजे माहेरच्या सभेला ती जाऊ शकत नाही आणि सासरच्या सभेत ती नाहीच. नाव बदलून घ्यायचा अर्ज हे कारभारातलं पहिलं पाऊल.

दुसरी गोष्ट. १९९२ साली संसदेने ७३वी घटनादुरुस्ती केली आणि २४ एप्रिल १९९३पासून ती लागू झाली. ग्रामसभेला आणि पंचायतीला घटनेतच जागा मिळाली आणि बायकांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आपल्या महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे आज गावोगावच्या पंचायतींत निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत.

तिसरी गोष्ट, आणि ही फार कमी जणींना माहीत असते. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात लिहिलंय की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. या महिला सभेला पुरुषांपुढे डोक्यावरचा पदर सावरत बोलावं लागत नाही. तिथे झालेलं ठरावात लिहून घ्यायचं आणि ते ग्रामसभेपुढे जायला हवं. आमच्या गावात ही सभा कागदावर दरवेळी होत होती. आम्ही विचारेपर्यंत आम्हालाच ती ठाऊक नव्हती.

चौथी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकांच्या कामासाठी खर्च करायचे असतात. वित्त आयोगाचा निधी थेट गावाला येतो. त्यातून काय करायचं याचा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. तो आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी ॲपवर मोबाइलवरही बघता येतो. आमच्या त्या आठवीतल्या मुलीनेच आम्हाला तो उघडून दाखवला.

पाचवी गोष्ट. कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा कायदा २००५पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायला जाऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावरची रेघ.

आता चार प्रश्न या पाच गोष्टींना लावून बघा. ठरवलं कुणी? ग्रामसभेने ठरवायला हवं. विचारलं कुणाला? त्यासाठी महिला सभा. माहीत कुणाला? त्यासाठी आराखडा आणि माहितीचा अधिकार. जबाब कुणाचा? ज्याची सही त्याचा. म्हणून सही जपून.

कुणी म्हणेल, एवढं सगळं खेड्यातल्या बायकांना जमतं का? अगं, तुम्ही ते आधीच करताय! बचत गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेली वही. बैठकीत सगळ्या गोल बसतात, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, कर्ज कुणाला आधी द्यायचं हे सगळ्या मिळून ठरवतात. न आलेलीची सही दुसरी करत नाही. चुकार बाईला सगळ्या मिळून विचारतात. तालुक्याच्या त्या फलकावरचं गुड गव्हर्नन्स म्हणजे दुसरं काय? दर आठवड्याला सतरंजीवर बसून आपण तेच तर करतो. गटाची वही पाच रुपयांच्या फरकासाठी तीनदा तपासणारी बाई ग्रामपंचायतीच्या लाखांच्या रजिस्टरवर न वाचता सही का करते, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला.

आणि सरकारी माणूस उभा नसतानाही कारभार चोख चालू शकतो याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम अशा नद्यांवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. ही माणसं लोकांनीच नेमायची आणि लोकांनाच ती बांधील. शेकडो वर्षं ही रीत चालली. अशाच रीतींचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली बाई. तिचं सांगणं थोडक्यात असं, की पाणी, रान, मासळी अशा सामायिक गोष्टी वापरणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला आधी थोडी, मग जास्त शिक्षा करतात, तेव्हा त्या गोष्टी टिकतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तर तुम्ही ऐकलंच असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यायचा अशी तिथली रीत. २००९ साली वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूची वाहतूक करायचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एका माणसाचाही विरोध असेल तर थांबायचं, बोलायचं, पुन्हा बसायचं. वेळ लागतो. पण मग मागाहून सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

एक अवघड विषय राहिला. सरपंचबाईंच्या खुर्चीत बसणारे त्यांचे यजमान. लोक हसत त्यांना ‘सरपंचपती’ म्हणतात. नातेवाइकांनी बाईच्या कामात हस्तक्षेप करू नये असं सरकारने वेळोवेळी बजावलं आहे, तरी हे चालूच आहे. आम्ही याच्यावर नुसतं हसणार नाही, कारण आमच्यातलीच एक तशी सदस्य होती. ती सांगते, "मला कुणी दाबून ठेवलं नव्हतं. मला भीती वाटायची की चुकेल. त्यांना वाटायचं, ही गोंधळेल. दोघांच्या भीतीत पाच वर्षं गेली असती." एके दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, "घरात तुम्ही कारभारी, पंचायतीत मी. तिथं नेऊन सोडा, आत येऊ नका." तो बाहेर पारावर बसायला लागला. पहिल्या दोन सभांत ती एक शब्दही बोलली नाही, फक्त मागचं प्रोसिडिंग वाचून दाखवा म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्यानंतर कागद घरी यायचे थांबले.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. २६ जानेवारीच्या आधी आम्ही लेखी अर्ज देऊन महिला सभा मागितली. शाळेच्या वऱ्हांड्यात ती झाली. बावीस बायका आल्या. वरच्या आळीतल्याही आल्या, आणि त्यांना आमच्या हातपंपाची गत खरोखरच माहीत नव्हती. ठराव लिहिला, मोठ्याने वाचला, मग सह्या केल्या. ग्रामसभेत तो मांडला. देवळामागची बोअर काही हलली नाही, पैसे खर्च झाले होते. पण त्याच टाकीतून ओढ्यापलीकडे पाइपलाइन टाकायचं काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आलं आणि झालं. आता वस्तीत दोन नळ आहेत. पाणी एक दिवसाआड येतं, तेही उन्हाळ्यात कमी दाबाने. सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. पण ती मुलगी आता पाण्यासाठी शाळा बुडवत नाही.

शिपाई अजूनही कधीतरी रजिस्टर घेऊन येतो. आमच्यातली एक त्याला बसवते, चहा देते, चष्मा लावते आणि वरून खालपर्यंत सगळं वाचते. मागे एकदा तो कंटाळून म्हणाला, "वहिनी, किती वाचता?" ती म्हणाली, "माझं नाव आहे ना खाली? मग वरचं सगळं माझंच झालं."

तर मैत्रिणींनो, ज्या मैत्रिणीने फोन केला होता, तिच्यासाठी उत्तर: गव्हर्नन्स म्हणजे कारभार. चांगलं गव्हर्नन्स म्हणजे जिथे ठरवणारी, विचारली जाणारी, माहीत असणारी आणि जाब देणारी माणसं आपल्याला डोळ्यांनी दिसतात, असा कारभार. पुढच्या वेळी साहेबांनी तो शब्द वापरला की हात वर कर आणि विचार, "साहेब, मग आमच्या गावची महिला सभा कधी आहे?"

आणि तुम्ही सगळ्यांनी या महिन्यात एकच काम करा. ग्रामपंचायतीत जा आणि मागच्या ग्रामसभेचं प्रोसिडिंग बघायला मागा. त्यात तुमची सही आहे का बघा. असेल, तर वर काय लिहिलंय ते वाचा. काय सापडलं ते आम्हाला फोन करून सांगा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.

येतो आता. दळण, पाणी आणि कारभार, तिन्हीकडे लक्ष असू द्या. नमस्कार.